सहावा कागद

छावणीतल्या बायकांकडे त्या काळी एक गोष्ट हमखास असायची, आणि ती कुणी कुणाला दाखवायची नाही. कोऱ्या कागदांचा एक छोटा जुडगा. नवरा दूरच्या ठाण्यावर निघाला, की ट्रंक भरून झाल्यावर, चहाचा शेवटचा कप घेता घेता, तो चार-पाच कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करून द्यायचा. शाळेचा दाखला, बँक, कचेरी, काय अडेल ते अडेल. वरचा मजकूर बायकोनं गरजेप्रमाणे भरायचा. नियमात हे बसत नव्हतं. पण कारकुनांनाही ठाऊक असायचं, की सहीखाली तारीख परवाची असली तरी सही करणारा चार महिन्यांपूर्वीच डोंगरापलीकडे गेलेला आहे. ते चष्म्यावरून एकदा बघायचे आणि शिक्का मारायचे.

मास्तरणीजवळ असे पाच कागद होते. ती छावणीच्या शाळेत शिकवायची, अक्षर मोत्यासारखं, आणि अख्ख्या ओळीतल्या बायकांचे अर्ज तीच लिहून द्यायची. त्यामुळे लहानथोर सगळे तिला मास्तरीणच म्हणत, नवरासुद्धा. तो फौजेत बिनतारी यंत्रावर होता. कानाला यंत्र लावून लांबचे आवाज टिपायचे आणि टिंबं-रेघांत उत्तरं धाडायची, हे त्याचं काम. त्याला सगळे तारवाला म्हणत.

"मोजून घे," सह्या झाल्यावर तो म्हणाला होता. "नाहीतर मागाहून म्हणशील, कमी दिले."

"पाच. तोंडी परीक्षा झाली, आता लेखी घेता का?"

"पाच पुरतील. संपायच्या आत येतो."

तिनं ते निळ्या कापडी फाईलमध्ये घातले आणि फाईलच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं एक ते पाच आकडे लिहिले. एक कागद गेला, की एक आकडा खोडायचा.

पहिला कागद लगेचच गेला. माणूस पुढच्या ठाण्यावर गेला की दोन महिन्यांत छावणीतलं घर रिकामं करून द्यावं लागे. घर ताब्यात घेणारा यादी घेऊन आला. खुंट्या अकरा, बल्ब चार, पडद्याच्या दांड्या तीन. खिडकीच्या एका काचेवरून त्यानं आणि मास्तरणीनं पंधरा मिनिटं हुज्जत घातली. काच ती आली तेव्हाच तडकलेली होती, पण यादीत ती धड होती, आणि यादीपुढे कुणाचं काय चालतं! मास्तरीण ट्रंका घेऊन नवऱ्याच्या थोरल्या बहिणीकडे राहायला आली, बसनं चार तासांवरच्या गावी.

अक्कानं तीस वर्षं टपालकचेरीत पत्रं वेगळी करण्यात काढली होती. लग्न केलं नव्हतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. जीभ तिखट, पण ताटात वाढताना हात सैल. खालच्या दुकानात शे-सव्वाशे घड्याळं होती आणि प्रत्येकाची वेळ निराळी. खरी वेळ दाखवणारं एकच, टेलिफोनवरच्या भिंतीवर टांगलेलं. गल्लीतले सगळे त्याच्यावर आपली घड्याळं लावत.

त्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली, की मास्तरणीचे डोळे मिटायला लागले.

सुरुवातीला तिला वाटलं, सकाळची शाळा, वर जिन्याची चढउतार, थकवा असेल. गावातल्या मुलींच्या शाळेत तिला लगेच काम मिळालं होतं. पण ही झोप थकव्याची नव्हती. हातात सुई असो नाहीतर झारा, दोन-दहाला मान खाली जायची, आणि ती एका पत्र्याच्या खोलीत असायची. रोज त्याच.

त्या खोलीत एक लोखंडी चूल होती, तिचं दार लागायचं नाही. ते तारेनं आवळून बांधलेलं. हिरव्या रंगाचा एक मग होता, कानाजवळ टवका उडालेला. भिंतीला लागून एक खाट, तिच्यावर लोकरी टोपी घातलेला एक माणूस पाठ करून बसलेला. तो कधी वळायचा नाही. आणि समोर टेबलावर यंत्र. यंत्रात बारीक लाल दिवा, आणि त्यातून आवाज.

"ऐकू येतंय का?"

मग खरखर.

"ऐकू येतंय का? आम्ही चौघं आहोत. ऐकू येतंय का?"

टेबलावर एक हात असायचा, यंत्राच्या कळेवर ठेवलेला. कळ दाबली की टक्‌ असा आवाज व्हायचा आणि त्यापुढे काहीच नाही. आवाज आत येत होता, बाहेर जात नव्हता. तो हात दाबत राहायचा. टक्‌. टक्‌. आवाज विचारत राहायचा, प्रत्येक वेळी थोडा हळू. अडीचला तिला जाग यायची. बोटं गार पडलेली असायची, आणि केसांना रॉकेलचा वास.

"तू कुठे शिरली होतीस गं, रॉकेलच्या डब्यात?" अक्का नाक मुरडून म्हणायची. घरात शेगडी गॅसची होती. रॉकेल त्या जिन्यानं दहा वर्षांत चढलेलं नव्हतं.

महिनाभर तिनं हे कुणाला सांगितलं नाही. पण गोष्ट दुपारपुरतीच राहीना. भाजीवालीनं "बाई, ऐकताय ना?" विचारलं, तर ही भर रस्त्यात ओरडून म्हणाली, "येतंय, येतंय!" भाजीवालीनं मिरच्यांवर जादा कोथिंबीर घातली आणि पुढचे तीन दिवस तिच्याकडे सांभाळून पाहिलं.

आणि मग शाळेतला तो प्रकार झाला. तिसरीचा वर्ग होता. ती फळ्याकडे वळली पाढे लिहायला. पुन्हा भानावर आली तेव्हा मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या, आणि फळा वरपासून खालपर्यंत टिंबं आणि रेघांनी भरलेला होता. तिच्या हातात खडूचा नखाएवढा तुकडा उरला होता. सगळ्यात वाईट म्हणजे मुली शांत होत्या. बत्तीसच्या बत्तीस मुलींनी माना खाली घालून ती टिंबं आणि रेघा वहीत उतरवून घेतल्या होत्या. पुढच्या बाकावरच्या एकीनं हात वर करून विचारलं, "बाई, हे पाठ करायचंय?"

मुख्याध्यापिका भल्या बाई होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मुलींच्या वह्यांतली एक तिच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "सत्र संपेपर्यंत रजा घ्या. डॉक्टरांचं पत्र आणा, जागा तुमचीच आहे. पत्राशिवाय मात्र मला वर्गात घेता यायचं नाही. आईबाप विचारतात हो."

त्या दिवशी तिनं अक्काला सगळं सांगितलं. अक्कानं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि हे अक्काच्या बाबतीत स्वप्नापेक्षा नवलाचं होतं.

"छावणीच्या दवाखान्यात नको," शेवटी अक्का म्हणाली.

ते मास्तरणीलाही कळत होतं. चार तास बसनं जायचं, ते सोसलं असतं. पण तिथे मनाचा डॉक्टर नवऱ्याच्या तुकडीच्या साहेबांबरोबर जेवायला बसायचा. बाईनं त्या दारात पाऊल टाकलं की चहाच्या वेळेपर्यंत ओळीतल्या सगळ्या घरांत कळायचं, आणि नवऱ्याच्या बढतीच्या कागदात कुठेतरी एक ओळ वाढायची. गावात डोळ्यांच्या इस्पितळामागे एक डॉक्टरीण मनाचे आजार बघायची. पण तिच्या एका बैठकीची फी म्हणजे मास्तरणीचा आठवड्याचा पगार, आणि तोही आता बंद.

"फौजेच्या घरच्यांचं औषधपाणी सरकार करतं ना?" अक्का म्हणाली. "मग करू दे की! की नुसता ताप आला तरच करतं?"

सैनिकांच्या कुटुंबांची कचेरी बाजाराच्या टोकाला, एका जुन्या गोदामात होती. आत लांब लाकडी खिडकी आणि तिच्यामागे भिंतभर खण, प्रत्येक खणात एकेका तऱ्हेचे छापील अर्ज. कारकुनानं नियम सांगितला. छावणीपासून इतक्या अंतरापलीकडे राहणाऱ्या आश्रिताला बाहेरच्या डॉक्टरचा खर्च मिळतो. मनाच्या आजाराला आठ बैठका. त्यापुढे हव्या असल्या तर फाईल तपासनीसांकडे जाते. अर्ज मूळ माणसाच्या सहीचा हवा.

"मूळ माणूस म्हणजे आजारी माणूस?"

"मूळ माणूस म्हणजे फौजेतला माणूस," कारकून म्हणाला. "आजारी तो आश्रित."

तिनं फाईल उघडली. मधल्या दिवसांत दोन कागद शाळेला आणि बँकेला गेले होते. चौथ्यावर तिनं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, की माझ्या पत्नीस उपचारांची गरज आहे. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का मारला. आठ बैठका मंजूर झाल्या.

डॉक्टरीण कमी बोलायची. तिच्या खोलीत दोन खुर्च्या, एक खिडकी, आणि खिडकीत एक झाड होतं, बाकी काही नव्हतं. ती म्हणाली, रोज काय दिसतं ते लिहून आणा. मास्तरणीला लिहायला सांगणं म्हणजे माशाला पाण्यात सोडणं. तिनं चूल लिहिली, मग लिहिला, टोपीवाल्याची पाठ लिहिली. सहाव्या बैठकीला डॉक्टरणीनं विचारलं, "कळेवर हात आहे म्हणता. कुणाचा?"

"माझा."

"बघितलाय नीट?"

तिनं डोळे मिटले आणि पहिल्यांदाच त्या हाताकडे पाहिलं. मनगट रुंद होतं, केसाळ. अंगठ्याच्या बुडाशी कोयरीसारखा पांढरा व्रण. तो व्रण तिच्यासमोर झाला होता, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, डबा उघडताना. रक्त थांबवायला तिनंच आपला रुमाल बांधला होता.

"तो माझा नाही," ती म्हणाली. "त्यांचा आहे."

"मग तुम्ही तिथून उठू शकता," डॉक्टरीण म्हणाली. "ज्याचं त्याच्यापाशी ठेवा. बाहेर या आणि दार ओढून घ्या."

दुसऱ्या दिवशी दोन-दहाला मान खाली गेली तेव्हा तिनं तसंच केलं. ती उठली, टोपीवाल्याच्या पाठीमागून गेली आणि पत्र्याचं दार ओढून घेतलं. त्यानंतर तीन दुपारी तिला काही दिसलं नाही. चौथ्या दुपारी तर झोपच आली नाही. तिनं अक्काच्या उशीच्या दोन खोळी शिवून काढल्या. अक्का देवाला हात जोडणाऱ्यांतली नव्हती, पण त्या दिवशी तिनं खालच्या घड्याळवाल्यालाही चहा पाठवला.

रविवारी तारवाल्याचा फोन यायचा, दुकानातल्या टेलिफोनवर. तीन मिनिटं मिळायची. तेव्हाचे फोन म्हणजे विहिरीत बोलल्यासारखे. एक वाक्य बोलायचं आणि ते तळाला जाऊन परत यायची वाट बघायची. गेले तीन महिने तो एकच पालुपद लावायचा. तब्येत उत्तम, रात्रपाळी असते, दिवसा जेवलो की दोनला आडवा होतो, डोकं टेकलं की मेल्यासारखी झोप, स्वप्न नाही की काही नाही. या खेपेला त्याचा आवाज सुकलेला होता.

"झोप नाही गं. तीन-चार दिवस झाले. डोळा लागतो न लागतो तोच..."

"तोच काय?"

"काही नाही. थंडी फार आहे. चुलीचं दार लागत नाही."

"तारेनं बांधलंय ना ते," मास्तरीण म्हणाली. "दोनच वेढे आहेत. तिसरा द्या."

दुकानातली शंभर घड्याळं टकटकत होती.

"तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला.

"अहो, ते चौघं कोण होते?"

"तुला कुणी सांगितलं?" तो पुन्हा म्हणाला. आता तो आवाज इतका बारीक होता, की तिला यंत्रातला आवाज आठवला. मग तीन मिनिटं संपली.

ती वर आली आणि पलंगावर बसून राहिली. तिला आता लख्ख दिसत होतं. तीन महिने दुपारी दोन-दहाला तो झोपत होता आणि त्याचं स्वप्न ती बघत होती. तिनं दार ओढून घेतलं, आणि तो आतच राहिला.

"म्हणजे तू बरी झालीस की तो बिघडणार," अक्का म्हणाली, "आणि तो झोपायचा तर तू मरायचं. हा कुठला न्याय! माझा भाऊ लहानपणापासून असाच. आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि चेहरा साधूचा."

"त्यांना ठाऊक नाही हो, अक्का."

"त्याला कधी काय ठाऊक असतं?" पण बोलता बोलता अक्कानं पदर डोळ्यांना लावला.

आठ बैठका संपल्या. डॉक्टरीण म्हणाली, सुधारणा आहे, पण दार अजून नवं आहे, इतक्यात मी शाळेला पत्र देणार नाही. आणखी आठ हव्यात. मास्तरणीनं पाचव्या, शेवटच्या कागदावर अर्ज लिहिला, आकडा खोडला आणि कचेरीत गेली. या वेळी तिला आत तपासनीसांच्या खोलीत बसवलं.

तपासनीस म्हातारे होते. एके काळी फौजेत तारेवरच होते, हे त्यांच्या मधल्या बोटावरून कळत होतं. ते टेबलावर आपोआप वाजत राहायचं. त्यांच्यासमोर तिची फाईल उघडी होती. तिनं डॉक्टरणीला लिहून दिलेली पानं तिच्यात होती. शाळेतली ती वहीसुद्धा होती.

"बाई, या तक्रारी तुमच्या नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ही चूल, हा मग, ही खोली. ही जागा खरी आहे. कुठे आहे ते मी सांगू शकत नाही. तुम्ही तिथे कधी गेलेल्या नाहीत. आश्रिताच्या कलमात आश्रिताचाच आजार बसतो." त्यांनी वही उचलली आणि पान तिच्याकडे वळवलं. "हे काय लिहिलंय ठाऊक आहे तुम्हाला?"

"मला टिंबं-रेघा येत नाहीत."

"ते मला वाटलंच होतं." त्यांचं बोट एकेका खुणेवरून फिरलं. "येतंय. येतंय. थांबा. येतंय. पूर्ण फळाभर एवढंच. बर्फात अडकलेल्या त्या चौघांना हेच उत्तर जायला हवं होतं. यंत्राचा पाठवायचा भाग गोठला होता. मागच्या खेपेला तिथे असताना तुमच्या नवऱ्यानं दोन तास कळ दाबली, आणि दोन तास ऐकलं."

बाहेर कुणीतरी शिक्के मारत होतं. धप्‌, धप्‌.

"तुम्ही या जागेच्या चौथ्या," तपासनीस एकदम म्हणाले. खणातून त्यांनी तीन फाईली काढून तिच्या फाईलशेजारी ठेवल्या. "चार बायका, चार गावं, एकमेकींना ओळखत नाहीत. पाळीपाळीनं तिथे कामाला गेलेल्यांच्या बायका. चौघींच्याही चुलीचं दार तारेनं बांधलेलं. आधीच्या तिघींचे नवरे तर ते चौघं दगावल्यानंतर तिथे होते, तरी आवाज तोच."

मास्तरणीच्या बोटांना गारठा चढला. "माझे सर्वांत आधी होते, आणि माझीच फाईल शेवटची?"

"ते आता दुसऱ्यांदा तिथेच गेलेत, स्वतः ती जागा मागून घेऊन. तुम्हाला सांगितलं नसेल." त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "बाकीच्या तिघींनी जे केलं ते तुम्ही करा. लिहून द्या, की हे सगळं माझ्या मनाचं आहे, असं काही ठिकाण नाही आणि असं काही घडलेलं नाही. मग तो तुमचा आजार होतो. आठ काय, सोळा बैठका मंजूर करतो."

"त्या तिघी बऱ्या झाल्या?"

"झाल्या."

"आणि त्यांचे नवरे?"

तपासनीसांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. काचा कधीच्या स्वच्छ झाल्या होत्या.

"मूळ माणसाला स्वतःसाठी उपचार मागता येत नाहीत का?" तिनं विचारलं.

"येतात की." त्यांनी मागच्या भिंतीकडे मान केली. सगळ्यात वरच्या खणात अर्जांचा एक गठ्ठा होता. कडा पिवळ्या पडलेल्या, वर बांधलेली सुतळी न सुटलेली. "मी इथे एकवीस वर्षं आहे. सुतळी सोडावी लागलेली नाही. त्याला इथल्या छापील कागदाचीही गरज नाही, साध्या कागदावर चालतं. फक्त सही त्याची हवी, आणि कागद चारच्या आत आला पाहिजे. तुमच्या पहिल्या मंजुरीची मुदत उद्या संपते, मग अर्ज घेता येत नाही. आणि एक सांगून ठेवतो, त्या अर्जावर माणसाला खाली बोलावतात. त्याला ते आवडेलच असं नाही. मूळ माणूस उपचारावर असला तर त्याच्या घरच्यांचा खर्चही त्याच कलमात मिळतो, मग जागा कुणाची, स्वप्न कुणाचं, हे कुणी विचारत नाही. पण तो अर्ज करतो कोण?"

घरी आल्यावर तिनं अक्कापुढे फाईल टाकली. "कागद संपले."

"मग तू कर सही! तुझ्याएवढं चांगलं अक्षर कुणाचं आहे गावात?"

तिनं एका वहीच्या मागच्या पानावर प्रयत्न करून पाहिला. सही हुबेहूब आली. इतकी हुबेहूब, की तिलाच किळस आली, आणि तिनं ते पान फाडून बारीक तुकडे केले. त्याच्या नावानं कर्ज काढता आलं असतं, घर विकता आलं असतं. पण 'मला झेपत नाही' हे वाक्य त्याच्या नावानं खोट्या सहीवर लिहिणं तिला जमेना. तेवढं तरी त्याचं त्यानं म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हातात पेन घेऊन मेजाशी बसली. आपलाच कागद लिहायचा, हे सगळं माझ्या मनाचं आहे, असं तिनं ठरवलं होतं. सोळा बैठका, शाळेची जागा, शांत दुपारी. पहिला शब्द लिहिला तेव्हा खालच्या घड्याळात दोनचे ठोके पडले. दोन-दहाला तिची मान खाली गेली.

तिनं ओढून घेतलेलं दार समोर होतं. आतून टक्‌ टक्‌ ऐकू येत होतं. तिनं दार उघडलं. या वेळी खाटेवर टोपीवाला नव्हता. टेबलाशी तिचा नवरा बसला होता, कानाला यंत्र, दाढी वाढलेली, आणि त्याचा हात कळेवर. तो वळला नाही. मास्तरणीनं वर्गात एखाद्या पोरीची वही पुढे ओढावी तसा एक कागद त्याच्यापुढे ओढला आणि तळाशी बोट ठेवलं.

"इथे," ती म्हणाली.

जाग आली तेव्हा अडीच वाजले होते. अक्का दारात उभी होती, नाकाला पदर लावून.

"पुन्हा तो वास."

वास फाईलमधून येत होता. मास्तरणीनं ती उघडली. आतल्या अंगाला पाचही आकडे खोडलेले होते. आणि आत एक कोरा कागद होता. तळाशी सही, उतरत गेलेली, झोपेत केल्यासारखी. कोपऱ्यात काजळीचा एक अंगठा.

"मोजायला चुकली असशील," अक्का म्हणाली, पण खोलीत पाऊल टाकेना.

"मी मास्तरीण आहे, अक्का. मला पाचापर्यंत मोजता येतं."

तिनं लिहिलं. फार लिहिलं नाही, पण शब्द जुळवता जुळवता तास गेला. मी त्या दिवशी यंत्रावर होतो. मला ऐकू येत होतं. माझं त्यांना गेलं नाही. मला अजून ऐकू येतं, आणि मला मदत हवी आहे. मग ती चपला न घालता जिना उतरली.

कचेरीत पोहोचली तेव्हा चारला आठ मिनिटं कमी होती. तपासनीसांनी कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला. सवयीनं चष्म्यावरून सहीकडे पाहिलं, सगळे कारकून बघत तसंच, डोळेझाक करण्यासाठी. मग शिक्का मारला. शिक्का उचलला तेव्हा सहीचं शेवटचं अक्षर त्याच्याबरोबर ओढलं गेलं आणि कागदावर निळी शेपटी उमटली.

सही ओली होती.

म्हाताऱ्यानं तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. स्टुलावर चढून त्यांनी वरच्या खणातल्या गठ्ठ्याची सुतळी सोडली.

पुढच्या आठवड्यात दोघांचीही मंजुरी आली, छावणीबाहेरच्या उपचाराची. रविवारी फोन आला तो डोंगराच्या अलीकडून. आवाज विहिरीतला नव्हता.

"मला खाली आणलंय," तारवाला म्हणाला. "म्हणे मीच अर्ज केला. तू केलास?"

"लिहिला मी. सही तुमची होती."



"मागच्या आठवड्यात, मंगळवारी डोळा लागला होता," तो म्हणाला. "कुणीतरी कागद पुढे ओढला. मास्तरणीसारखा हात. म्हणाली, इथे." मग तो रडायला लागला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तो आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला, आणि ती नुसती "येतंय, ऐकू येतंय" म्हणत राहिली. घड्याळवाला दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा तिनं विचारलं, "तुमच्या जागी कुणी गेलं का?"

"कालच. नवा पोरगा आहे. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालंय त्याचं."

"बायको कुठे असते?"

त्यानं तिचं नाव आणि गाव सांगितलं. मास्तरणीनं ते टेलिफोनशेजारच्या दुरुस्तीच्या पावतीवर लिहून घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी होते. ती वर गेली, अक्काकडून टपालाचं पाकीट मागितलं, मेजाशी बसली, आणि त्या अनोळखी मुलीला पत्र लिहायला घेतलं. पहिली ओळ तिला शोधावी लागली नाही.

'तुला दुपारी झोप येते का?'